हाताला चढलेला लाल

धाकटीचे दिवस हल्ली पाण्यावर सोडलेल्या सुताच्या लडीसारखे तरंगत चालले होते. सकाळ कुठे संपते आणि दुपार कुठे लागते, पत्ता नसायचा. डोळा लागला की ती रंगशाळेच्या गच्चीवर पोचायची. तिथे सुताच्या ओल्या लडी दोरीवर वाळत असायच्या, निळ्या, पिवळ्या, लाल, आणि ती त्यांच्यामधून अनवाणी चालत राहायची. जाग आली की पुन्हा पलंग, औषधांचा डबा आणि खिडकी.

तिला रक्ताचा कर्करोग झाला होता. दोन महिन्यांपूर्वी दादाच्या मूळपेशी काढून तिच्या अंगात सोडल्या होत्या. दादा तिच्याहून बारा वर्षांनी मोठा. दोघं मिळून सूत रंगवायची. म्हणजे रंगवायची ती आणि नावं ठेवायचा तो. भावंडांच्या पेशी जुळतीलच असं नसतं, पण यांच्या तंतोतंत जुळल्या. "आयुष्यात एकदा तरी पटलं आपलं," दादा म्हणाला होता, आणि मग उगाच खिडकीबाहेर बघत नाक ओढत बसला होता.

रंगशाळेत पाऊल टाकायचं नाही, असा डॉक्टरांचा सक्त हुकूम होता. पण जित्याची खोड ती. एका दुपारी दादा माल पोचवायला गेलेला पाहून ती जिना उतरून खाली रंगशाळेत गेली आणि लाल रंगाच्या पिंपात तिने दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले. क्षणभरच. त्या कोमट पाण्यात तिला इतकं बरं वाटलं की रडू आलं. मग साबणाने घासून घासून हात धुतले.

दोन दिवसांनी तळहात लाल दिसले. दुसऱ्या कुठल्याही घरात असे हात पाहून माणसं दचकली असती. या घरात तीन पिढ्या लाल-निळ्या हातांनी जेवल्या होत्या, इथे कोण दचकणार? धुतलेला रंग उशिरा वर आला, चोरी अंगाला लागली, एवढंच तिला वाटलं. अंगावर लाली आली किंवा पोट बिघडलं तर लगेच कळवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण कळवायचं म्हणजे पिंपाची गोष्ट कबूल करायची आणि दादाची बोलणी खायची. तिने हातमोजे चढवले आणि थंडी वाजते म्हणून सांगितलं.

खरं तर ती आतून सुखावली होती. आपण पुन्हा रंगारी झालो, असं वाटून ती हात उशाखाली घेऊन झोपायची. स्वप्नातल्या लडी रोज थोड्या जास्त लाल होत गेल्या, शेवटी गच्चीवर दुसरा रंगच उरला नाही. तळव्यांना खाज सुटली. पोट बिघडलं, ते तिने गोळ्यांच्या माथी मारलं.

पुढे एका सकाळी ती गोळ्या घ्यायला मोजे काढून बसली होती आणि दादा दारात उभा राहिला.

"पिंपात हात घातलास?"

"जरासा."

तो तावातावाने आत आला, तिचा हात ओढून खिडकीच्या उजेडात धरला, आणि बोलता बोलता थांबला. रंग आधी नखांच्या कडेला बसतो, मग तळहाताच्या रेषांत. तिची नखं स्वच्छ होती, रेषा फिक्या. त्याने अंगठ्याने तळहात दाबला. लाली पळाली, अंगठा उचलताच परत आली.

"हा पिंपातला रंग नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "हा आतून येतोय. पाय दाखव."

तळपायही लाल होते.

तासाभरात दोघं इस्पितळात होती. डॉक्टरबाईंनी तिला तपासलं, पोटाचं विचारलं.

"तुमच्या भावाच्या पेशींना तुमचं शरीर परकं वाटतंय," त्या म्हणाल्या. "त्या तुमच्या शरीरावरच हल्ला करताहेत. आधी त्वचा, आता बहुतेक आतडीसुद्धा. स्टेरॉइड सुरू करू. किती दिवस झाले याला?"

तिने दादाकडे पाहिलं. त्याचा चेहरा पार उतरला होता. "कालपासून" अगदी ओठांवर आलं होतं. पण आता लपवाछपवी जिवावर बेतणार, हे तिलाही कळत होतं.

"नऊ दिवस," ती म्हणाली. "पोट पाच दिवसांपासून."

डॉक्टर लिहू लागल्या.

"नऊ दिवस माझंच रक्त तुझ्या जिवावर उठलंय," दादा म्हणाला, "आणि मी रोज येऊन विचारतोय, बरं वाटतंय का." तो उठून दाराकडे निघाला. "मी बाहेर थांबतो."

"दादा, त्या पेशींना मी कोण हे कळत नाही. तुला तर कळतं ना? तू बाहेर गेलास तर मला खरोखरच परकं झाल्यासारखं वाटेल."

तो दारातच थबकला. "औषध लागू पडेल ना?" त्याने डॉक्टरांना विचारलं.

"आठवडाभर तरी सांगता येणार नाही."

"मग आठवडाभर मी इथेच आहे," तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता पलंगाच्या कडेला येऊन बसला. तिला फार भीती वाटत होती. तिने त्याला तसं सांगितलं.