जिन्याखालचा शेजारी

भिकनच्या उजव्या हाताची तीन बोटं वर गेली, क्षणभर थांबली आणि मूठ मिटली. अंगठा तेवढा बाहेर राहिला. गल्लीपलीकडच्या गॅलरीतून त्याच्याच कारखान्यातल्या किसनने तळवा दाखवला, तसा हात खाली आला.

खिडकीच्या फटीतून सुषमाला फक्त तो हात दिसत होता. बाकीचा भिकन लोखंडी जिन्याखाली गोधडीवर पडलेला. कारखान्यात सूत गुंडाळलेलं जड बीम पायावर पडून हाड मोडलं, मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. आता तो उभा जिना चढून वरच्या खोलीत जाणार कसा? नवागामच्या त्या इमारतीत तळमजल्याला दोनच दारं. एक मालकाच्या गोदामाचं, दुसरं सुषमाचं.

दवाखान्यातून आणलं त्याच दिवशी भिकनची बायको उषाबाई दारात आली होती. "ताई, पायाचं हाड जुळेपर्यंत तुमच्या पुढच्या खोलीत पडू द्या ना यांना. जिन्याखाली उंदरं फिरतात."

"बापूंना विचारून सांगते," सुषमा म्हणाली होती. वडिलांना, बापूंना, तिने विचारलंच नव्हतं.

आज रविवार. घरी भरणाऱ्या येशूच्या प्रार्थनेला आताच तीन जण आत आले होते. आणि तीन बोटं वर गेली होती.

सुषमा पलसाण्याला कापड रंगवायच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत छटा जुळवायची. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, ही तिची सवय. पण पाय मोडायच्या आधीसुद्धा, रविवारी माणसं यायला लागली की वरच्या गॅलरीत हाच हात उठायचा. आधीच्या खोलीवर असंच कुणीतरी माणसं मोजली होती. मग प्रार्थना बंद करा म्हणत घोळका आला, गाण्याची ढोलकी रस्त्यावर फेकली गेली आणि मालकाने खोली रिकामी करून घेतली. हीही गेली तर म्हाताऱ्या बापाला घेऊन जायचं कुठे? नवापूरकडचं घर केव्हाच पडलं होतं.

"खिडकीला काय चिकटलीस? पाल आहेस का?" चटई अंथरता अंथरता बापू म्हणाले.

"तो मोजतोय, बापू."

"मोजू दे. झोपून झोपून दुसरं काय करील?"

"थट्टा नका करू. ढोलकी विसरलात?"

"माझीच होती ती. मी कसा विसरेन?"

सुषमा बाहेर आली. उषाबाई जिना उतरत होती. सुषमाने सरळच विचारलं, "वहिनी, हे किसनभाऊंना खुणा कसल्या करतात?"

उषाबाई हसली. "त्या? त्या कारखानामधल्या खुना शेतस, ताई! लूमच्या खडखडाटात कोण कोणाचं ऐकणार? हातानेच बोलायचं. आता दोघांचे कानच गेले. मी कारखान्यातल्या पोरांचे डबे भरून खाली ठेवते, हे बोटांनी किती ते दाखवतात, अंगठा म्हणजे तयार, किसनभाऊ येऊन घेऊन जातात." मग आवाज उतरवून म्हणाली, "माझ्याशी पण बोटांनीच भांडतात. मी पाठ फिरवते. भांडण खलास!"

पायरीवर खरंच तीन डबे होते. पण आत आलेली माणसंही तीनच होती. दोन्ही उत्तरं जुळत होती, आणि त्यातलं एक खोडायला सुषमाकडे काही नव्हतं.

"मग खोलीचं काय ठरनं, ताई?"

"सांगते."

"राहू दे वं उषा," गोधडीवरून भिकन म्हणाला. "ताईले कशाले तरास?" त्याला वाटलं, आपण कुजबुजलो. अर्ध्या गल्लीने ऐकलं.

सुषमाने आत येऊन दार लावलं, कडी घातली. गाणं हळू आवाजातच झालं. मग एकेकाने प्रार्थना करायची. बापूंची एक गावाकडची रीत होती. कुणासाठी मागायचं तर नाव घेऊन मागायचं.

"प्रभू, आमच्या शेजाऱ्यांना सांभाळ," सुषमा म्हणाली.

"कोण शेजारी?" डोळे न उघडता बापूंनी विचारलं.

दारापलीकडे कण्हल्याचा आवाज आला. पाय हलवला असावा. की दाराशी सरकून ऐकत होता? तिला कळेना. येशूने शेजाऱ्यावर प्रीती करायला सांगितलं, पण आधी त्याची खात्री करून घ्या असं कुठेच सांगितलं नाही. लहानपणापासून पाठ असलेल्या वचनातली ही अडचण तिला आज पहिल्यांदा दिसली.

"भिकनभाऊ," ती म्हणाली.

नाव तोंडातून निघालं आणि त्यापुढे देवाला सांगण्यासारखं काही उरलंच नाही. सांगायचं होतं ते दाराबाहेर. ती उठली. जमलेल्यांनी डोळे उघडले. बापूंनी मात्र मिटलेलेच ठेवले.

तिने कडी काढून दार उघडलं. पलीकडे किसन कठड्याला टेकून इकडेच बघत होता. तो का बघतोय, ते तिला अजूनही माहीत नव्हतं. भिकनला ऐकू जावं, किसनलाही जावं, इतक्या मोठ्याने ती म्हणाली,

"वहिनी, भिकनभाऊंना आत आणा. पाय बरा होईपर्यंत ते आमच्याकडेच राहतील. रविवारीसुद्धा."