तोफ्ते घराण्याचा स्तंभ आणि शेजारचा धोंडा

मित्रांनो, मी एक जुना, तांबूस ग्रॅनाइटचा स्मारकस्तंभ आहे. साउथ डाकोटाच्या माळावर, चर्चमागच्या दफनभूमीत मी एकोणीसशे छत्तीस सालापासून उभा आहे. उंची म्हणाल तर दोन पुरुष. आणि आधीच कबूल करतो, स्वभावाने मी मत्सरी आहे.

मला खाणीतून काढलं, कापलं, महिनाभर घासून आरशासारखं केलं. माझ्या दर्शनी बाजूवर तोर्गेर आणि गुरी तोफ्ते ही नावं कोरली. या माळावर पहिला नांगर धरला तो या जोडप्याने, नॉर्वेहून येऊन. त्यांच्याखाली त्यांची आठ मुलं. पाठीवर नातवंडं-पतवंडं, आणि पुढच्या पिढ्यांसाठी मोकळी जागा. अनावरणाला सारं घराणं लोटलं होतं. पाद्रीबाबांचं भाषण झालं, बायकांनी लेफ्से म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या आणि कॉफी वाटली. थोरला मुलगा निल्स मला थोपटून म्हणाला, "शंभर वर्षं हलायचा नाही हा!" मी फुलून गेलो.

गर्दी ओसरली तेव्हा मला शेजारचा धोंडा दिसला. गुडघ्याएवढा, वेडावाकडा, कुठल्याशा शेतातून उचलून आणलेला. ना अक्षर, ना तकाकी. तोर्गेरची धाकटी मुलगी बोर्गहिल्ड त्याच्यासमोर गवतात बसली होती. माझ्याकडे तिची चक्क पाठ होती!

तेव्हापासून माझा जळफळाट सुरू झाला. दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी लोक आपापल्या मृतांना फुलं वाहायला येतात. बोर्गहिल्ड माझ्यावर दुकानातला हार चढवायची, दोन मिनिटं उभी राहायची आणि मग बादली उपडी टाकून तासभर त्या धोंड्यापाशी बसायची. त्याच्याशी बोलायची. "यंदा गहू बरा आलाय बघ. निल्सला नातू झाला. नाक अगदी बाबांचं." मी मनात म्हणायचो, अगं बाई, त्या नातवाचं नाव माझ्या पाठीवर आहे! मला सांग की!

निल्स गेला. त्याचा मुलगा पाल्मर इथलं गवत कापू लागला. धोंडा हमखास यंत्राच्या पात्याला लागायचा.

"आत्या, हे तिसरं पातं गेलं. टाकतो हा धोंडा कुंपणापाशी."

"तू त्याला टाक, मग मी तुला टाकते कुंपणापाशी."

"अगं, पण त्याच्यावर नाव ना गाव."

"तुझ्या कपाळावर तरी कुठे नाव आहे? तरी जेवायला वाढतेच ना तुला?"

पाल्मर हसत सुटला. मला मात्र तिने धोंड्याची बाजू घेतलेली झोंबली.

पुढे बोर्गहिल्ड थकली आणि शहरातल्या वृद्धाश्रमात गेली. दोन वर्षं आलीच नाही. त्यातल्या पहिल्याच उन्हाळ्यात पाल्मरने पहार आणली. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. धोंडा उपटला गेला, गडगडत कुंपणाच्या तणात जाऊन पडला. आता सगळ्यांच्या नजरा माझ्यावर!

कसच्या नजरा! लोक यायचे, हार अडकवायचे, फोटो काढायचे आणि जेवायला पळायचे. गाडीचं इंजिनसुद्धा बंद करत नसत. जिथे कोणीतरी तासभर बसायचं, तिथे आता कोणी टेकेना.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात बोर्गहिल्ड आली. नव्वद वर्षांची, चाकांच्या खुर्चीत. पाल्मरची मुलगी सिग्ने खुर्ची ढकलत होती. म्हातारीची नजर गवतावरून फिरली.

"पाल्मर, कारी कुठे आहे?"

"कोण कारी, आत्या?"

"माझी बहीण."

मग तिने सांगितलं. आईबाबा इथे आले त्या पहिल्याच हिवाळ्यात चार वर्षांची कारी तापाने गेली. जमीन इतकी गोठलेली, की बाबांनी दोन दिवस जाळ करून मग खड्डा खणला. बर्फ वितळल्यावर बैलांनी ओढून हा धोंडा आणला. "मी नऊ वर्षांनी जन्मले. तिला पाहिलंसुद्धा नाही. पण आई जाताना म्हणाली, मुलगे विसरतील, घरच्या बातम्या तिला तू सांगत जा."

"मग स्तंभावर तिचं नाव का नाही?" सिग्नेने विचारलं.

"चर्चची जन्ममृत्यूची वही सुरू व्हायच्या आधी गेली ना ती. मी निल्सला म्हटलं होतं, नऊ लिही. तो म्हणाला, वहीत आठच आहेत."

मित्रांनो, त्रेचाळीस वर्षं मी एका चार वर्षांच्या पोरीवर जळत होतो. आणि चकचकीत अक्षरांत खोटं सांगत होतो.

पाल्मरने टोपी काढली. तो तणात शिरला आणि धोंडा शोधून काढला, पण उचलून आणायचं त्याच्या पाठीला झेपेना.

"मला उतरवा," बोर्गहिल्ड म्हणाली. "तिला बसवा खुर्चीत."

"आत्या, तू उभी कशी राहशील?"

"हा एवढा मोठा उभा आहे ना!"

आणि तिने माझ्यावर भार टाकला. हाडांचा सापळा नुसता, पण सगळा माझ्यावर. खुर्ची करकरत, हेलकावत गवतातून येईपर्यंत ती माझ्या आधाराने उभी होती. पाल्मरने खड्डा पुन्हा उकरला.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात बोर्गहिल्ड गेली. सिग्नेने कारागीर बोलावून आठ नावांच्या वर कारीचं नाव कोरून घेतलं. ताजी अक्षरं पांढरी उठून दिसतात, म्हणून येणारी मुलं आधी तिचंच नाव वाचतात. अजूनही थोडं जळतं मला, नाही असं नाही.

मित्रांनो, नाव नसलेला दगड हलवण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि विचारायचं ते लवकर विचारा. बोर्गहिल्ड आणखी एक वर्ष आली नसती, तर मी आजही ताठ मानेने आठच मुलं सांगत उभा असतो.