पुतळाबाईचं वजन

हिरामणच्या मुलीच्या साखरपुड्याला, गाणी गाऊन लग्न लावणाऱ्या धवलारीण पुतळाबाईला मानकोलीहून काल्हेरला आणताना गाडी नाक्यावरच्या स्पीडब्रेकरवर बसली आणि सायलेन्सर तिथंच राहिला. एवढ्यावर भागलं असतं. पण हिरामणनं खाली वाकून पाहिलं आणि तो म्हणाला, "आत्या, जरा उतरा, म्हंजी गाडी उठंल."

रिक्षावाले हसले. पुतळाबाई उतरली, चालत घरी गेली, आणि संध्याकाळी तिचा निरोप आला की लग्नाला दुसरी धवलारीण बघा.

दुसरी बघण्यात अर्थ नव्हता. पुतळाबाईनं धवला गायल्याशिवाय त्या पट्ट्यात लग्न लागलं असं कुणी धरत नसे, आणि व्याह्यांनी तर बोलणी करताना मांडवाआधी तिचंच नाव विचारलं होतं. हिरामण नारळ घेऊन माफी मागायला गेला. ती म्हणाली, येईन; पण त्याच गाडीतून, त्याच नाक्यावरून.

गाडी टॅक्सीतून निवृत्त झालेली, मागच्या कमानी, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा, थकलेल्या. हिरामणला वाटलं, कमानच ती, पाटे वाढवले की झालं. मेव्हण्याच्या, महादूच्या, मोडीत निघालेल्या टेम्पोचे पाटे त्यानं आणले, अंगणात गाडी विटांवर चढवली आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन जादा पाटे घातले. पाटे आवळणारे जुने यू-बोल्ट पुरेनात, लांब करून आणले. ॲक्सल आणि कमान यांच्यामध्ये सागाचा एकेक ठोकळाही बसवला. घरात होता म्हणून.

मग वजनाचा प्रश्न आला. पुतळाबाईला विचारणार कोण? बायको कमळ म्हणाली, दोन गोणी भात धरा. हिरामणनं दोन ठेवल्या, अंगावरच्या दागिन्यांची म्हणून तिसरी ठेवली. गाडी बोटभरही खाली गेली नाही. बाजूनं बघितलं तर ती नाक जमिनीला लावून वास घेणाऱ्या कुत्र्यासारखी दिसत होती. महादूनं तसं सांगितलं, तेव्हा हिरामण म्हणाला की कुत्रा इमानी असतो.

हळदीच्या दिवशी सकाळी गाडी मानकोलीला पुतळाबाईच्या दारात लागली. शेजारपाजार ओट्यावर जमला होता. पुतळाबाई नऊवारी सावरून मागे बसली. गाडी हलली नाही.

"बघा आत्या," हिरामण म्हणाला, "सूतभर न्हाय वाकली."

पुतळाबाईनं बसल्याजागी एकदा जोर देऊन पाहिला. मग उतरली.

"म्हंजी माजं वजनच न्हाय तुज्या घरात?"

हिरामणनं ओट्याकडे पाहिलं. तिथं कुणी त्याच्या बाजूचं नव्हतं. तो म्हणाला, मागच्या वेळी वाकली तर तुम्ही रागावलात.

"तवा वाकली न्हवती, लोळली होती. मोठं माणूस आलं की वाकावं, आणि मंग उठावं. जावयाला कलतं, तुला कलत न्हाय?"

गाडीदुरुस्तीच्या धंद्यातल्या कुणीही कमानीचं काम हिरामणला इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं. त्यानं शर्ट काढला. डिकीतून जॅक आणि पाने काढले आणि तिच्याच अंगणात गाडीखाली शिरला. पुतळाबाई पाटावर बसून बघत राहिली. दोन्हीकडचा एकेक पाटा निघाला, की ती गाडीत बसून पाहायची, म्हणायची, "अजून." दुसरा निघाला. "अजून." मग ठोकळे निघाले. एकच जादा पाटा उरला, तेव्हा गाडी तिच्याखाली चार बोटं वाकली आणि हलकेच थोडी वर आली. काल्हेरात हळद खोळंबली होती, पण तिथून आलेल्या निरोप्याला पुतळाबाईनंच चहा पाजून परत पाठवलं.

नाका आला. हिरामणनं गाडी इतकी सावकाश घेतली की मागचा ट्रक हॉर्न वाजवून कंटाळला. मागची चाकं ब्रेकरवर चढली, उतरली, गाडी वाकली, उठली. कुठे काही घासलं नाही. हिरामणनं श्वास सोडला.

"थांब," पुतळाबाई म्हणाली. "मागं घे."

"काय राहिलं, आत्या?"

"रिक्षावाले चहा पीत होते. बघत न्हवते."

हिरामणनं गाडी मागे घेतली.