दिवसा सांगितलेली गोष्ट

इंग्रजीतून मराठीत आलेल्या त्या जाडजूड पुस्तकात खूण म्हणून घातलेलं एसटीचं तिकीट – सिन्नर ते नाशिक, घडीवर विरलेलं... शेखरच्या खिशातलं असणार. भाची सुट्टीला आली की मामाचे खिसे तिचेच.

"आजोबा, यातल्या जादूगाराचा जीव त्याच्या अंगात नाहीच! बेटावरच्या एका डबीत आहे," वैष्णवी म्हणाली. "त्या लेखकाला कसलं भारी सुचलंय ना!"

"सुचलेलं नाही, बाळा, ऐकलेलं. त्यालाही लहानपणी कुणा म्हातारीनं सांगितलं असेल, तिला आणखी कुणी. कुठे राक्षसाचा जीव अंड्यात, कुठे पोपटात, सुरगाण्याच्या डोंगरात तर मधमाशीत..."

आजोबा, म्हणजे निवृत्त गुरुजी, तिथेच थांबले. मधमाशी मैनाची होती.

ब्याण्णव साल, सुरगाण्याकडची माझी शाळा, चौथीचा वर्ग, बाहेर लख्ख ऊन. मैना फळ्याजवळ उभी, फ्रॉकचं टोक पिळत – "दिवसा नाय सांगायची गोष्ट, गुरुजी. मामा वाट चुकतो." वर्ग हसला नाही, मीच हसलो. अंधश्रद्धा घालवायची होती मला, आणि गोष्टही हवी होती. "सांग, काही होत नाही," म्हणालो – प्रेमानं म्हणालो, हे आजही खरं आहे आणि त्याचा काही उपयोग नाही. तिनं सांगितली, अख्खी. मधमाशी चिरडली, राक्षस कोसळला, मी टाळ्या वाजवायला लावल्या.

द्राक्षांच्या कामाला पिंपळगावकडे गेलेला तिचा मामा, केरू, त्या होळीला परतला नाही. पुढच्याही नाही. वाटेत काय नसतं – ट्रक, ताप, दारू... गोष्टीचा काय संबंध? हे सगळं मी तिला समजावलं, पुन्हापुन्हा. ती ऐकत राहिली. त्यानंतर तिनं एकही गोष्ट सांगितली नाही. पाचवीला शाळेतच आली नाही.

"मग मधमाशीचं काय झालं? सांगा ना, आजोबा!"

घड्याळात पावणेतीन. शेखर सिन्नरच्या कारखान्यातून साडेचारला सुटणार, पाचची गाडी धरणार...

"मामा घरी आला की सांगतो."

"का? मामा काय लहान आहे गोष्ट ऐकायला?"

गुरुजी हसले नाहीत. अंगठ्यानं तिकिटाची घडी सपाट करत बसले. विश्वास नाही, अजिबात नाही, छत्तीस वर्षं हेच तर शिकवलं – आणि तरी कान दाराकडे, फाटकाच्या कडीकडे, रस्त्याकडे... मैनाही तेव्हा अशीच ऐकत होती का – माझं बोलणं नव्हे, वाटेवरची चाहूल...