व्यवसाय : गृहिणी

“पोरीला इथे झोपवू नकोस गं. या वासाने माझेच हात मेल्यासारखे होतात,” मावशी म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं.

“मावशे, तुझ्या फाइलवर ‘इडिओपॅथिक’ लिहिलंय. म्हणजे कारणच नाही. त्या बिचाऱ्या सोल्यूशनवर उगाच आळ घेऊ नकोस!”

पदवी माझी, तेव्हा अर्थही मीच सांगणार ना!

मावशी घरी बसून सोल्यूशनने चपलांना सोल चिकटवते. खिडकी बंदच, कारण वाऱ्याने सोल्यूशन डब्यातच वाळतं. मी कामावर गेले की माझी तीन वर्षांची लेक तिच्याकडे. वर्षभरापूर्वी मावशीच्या तळपायांना मुंग्या सुरू झाल्या. पुढे चप्पल पायातून निसटली तरी तिला कळेना. रक्त तपासलं, नसा तपासल्या आणि मोठ्या डॉक्टरांनी तो शब्द लिहिला. आम्ही खूश. आजाराला नाव मिळालं! फोन करकरून मी तो शब्द नातेवाइकांना ऐकवला.

गेल्या सोमवारी लेक मला बघून धावत आली आणि साध्या फरशीवर दोनदा कोसळली. मावशीच्या हातातला ब्रश गळाला.

“आता तरी विचार डॉक्टरांना,” ती म्हणाली.

दोघींना घेऊन मी डॉक्टरांसमोर बसले आणि वासाचं सांगितलं.

“सोल्यूशन? बंद खोलीत? त्याच्या वाफेने नसा खराब होऊ शकतात. आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलंत कधी?”

त्यांनी फाइल माझ्यापुढे सरकवली. व्यवसाय : गृहिणी. अक्षर माझंच होतं. घरीच तर असते, म्हणून लिहून मोकळी झाले होते.

“आणि इडिओपॅथिक म्हणजे कारण नाही असं नव्हे,” ते म्हणाले. “आम्हाला सापडलं नाही, एवढंच.”

मग तसं लिहा ना, डॉक्टर! ‘सापडलं नाही’ लिहिलं असतं, तर मी शोधत राहिले असते. पाच वेळा मावशीची बोटं तुम्ही हातात धरलीत. नखांभोवती सोल्यूशनचे पापुद्रे होते. ‘हे काय लागलंय?’ एवढं विचारायला कुठली डिग्री लागते? माझी चूक मी कबूल करते. तुमची कोण करणार?

मावशीचं काम बंद आहे, खिडकी उघडी आहे. लेकीच्या तपासण्या चालू आहेत. ती चालताना मी तिची पावलं बघते.

तुमच्या ओळखीत ‘घरीच असते’ अशी कुणी बाई आहे ना? आज तिच्याकडे जा. दिवसभर ती हातांनी काय करते, ते शेजारी बसून बघा. आणि तिची फाइल असेल, तर तो एक रकाना वाचा.