रुंद नांग्यांचा अकोसिल

फिदेन्सियोने बाही कोपराच्या वर सारली आणि हात टाकीत घातला. तळाशी फुटक्या मडक्याचा तुकडा उपडा पडला होता. तो उचलताच खालचा प्राणी मागे सरकला आणि दोन्ही नांग्या उगारून उभा राहिला. रुंद, जाड नांग्या, त्यांवर लाल पुळ्या. फिदेन्सियोने त्याला पाठीकडून धरून बादलीत सोडलं. आणला तेव्हा तो करंगळीच्या पेराएवढा होता. आता तळहातभर झाला होता.

खिशातल्या बाटलीत त्याने तळ्यातले खरे बुटके अकोसिल, म्हणजे गोड्या पाण्यातले नांगीवाले झिंगे, आणले होते. बेटावरच्या मावसभावाची पुष्कळ मनधरणी केली तेव्हा कुठे ते मिळाले होते. भावजय चोना बाजारातून परतण्याआधी अदलाबदल उरकायची, एवढाच त्याचा बेत होता. पण बाटलीचं झाकण काढताना त्याचं टाकीकडे लक्ष गेलं. पाण्यात एकही मासा नव्हता.

हे मासे त्याच्या धाकट्या भावाचे, एलादियोचे. शेताच्या कडेचा झरा आटत चालला, तेव्हा एलादियोने चिखलात गुडघे टेकून उरलेसुरले तिरो मासे घमेल्यात भरून घरी आणले होते. झऱ्यात पुन्हा पाणी आलं नाही. पुढे एलादियोही गेला, आणि चोनाने, त्याच्या बायकोने, ती टाकी देव्हाऱ्यासारखी सांभाळली. मक्याचं पीठ जरा जास्त पडलं तरी तिला झोप लागत नसे.

तिच्या नावाच्या संताच्या दिवशी सगळं घर जेवायला जमलं होतं, तेव्हा फिदेन्सियोने तो लहानगा अकोसिल तिच्या हाती दिला होता. टाकीचा तळ साफ ठेवेल, माशांच्या वाटेला जाणार नाही, असं सांगितलं होतं. तळ्यातून स्वतः काढलाय, असंही सांगितलं होतं. ते खोटं होतं. जाळं घेऊन तो बऱ्याचदा पहाटे तळ्यावर गेला होता. लहानपणी हे अकोसिल मिरची-लिंबू लावून मुठीमुठीने खाल्ले होते, पण आता जाळ्यात नुसता गाळ येत होता. शेवटी मोरेलिया शहरातल्या एका दुकानातून त्याने बुटक्या जातीचा म्हणून हा विकत आणला.

चोनाने त्याला वाटीत निरखून पाहिलं होतं.

"भाऊजी, याच्या नांग्या जरा रुंद नाहीत का? आपल्या तळ्यातल्याच्या काडीसारख्या असतात."

"आता तू मला अकोसिल शिकवणार?" तो म्हणाला होता.

सगळे हसले. चोनाही हसली आणि तिने त्याला टाकीत सोडलं.

मग मासे कमी होऊ लागले. चोनाने पाणी बदललं, मांजर बाहेर काढलं, मक्याचं पीठ बंद केलं. गेल्या रविवारी फिदेन्सियो सहज डोकावला, तेव्हा कात टाकून मोठा झालेला तो प्राणी त्याने पाहिला आणि काय ते ओळखलं. चोनाने पुढे केलेली मक्याची गरम पेज, आतोले, तशीच सोडून तो घरी गेला होता.

दार वाजलं. चोना पिशवी घेऊन आत आली. आधी बादली, मग त्याचा ओला हात, असं तिने पाहिलं.

"मासे शोधताय?" ती म्हणाली. "उरले होते ते काल ओफेलियाबाईंना देऊन आले. माझ्या हाताला यश नाही. एलादियोने जगवले आणि मी मारले."

ओफेलियाबाई मोरेलियात राहत. तळ्यातले, झऱ्यांतले संपत आलेले मासे त्या मागच्या खोलीत वाढवत.

अजूनही गप्प राहता आलं असतं. फिदेन्सियोने बाही खाली ओढली, बटण लावलं, पुन्हा काढलं.

"तू नाही मारले," तो म्हणाला. "यानं खाल्ले. हा बुटका नाही, मोठ्या जातीचं पिल्लू होतं. माझी ओळखण्यात चूक झाली."

चोना खुर्चीवर बसली. वाकून तिने बादलीतल्या नांग्या पाहिल्या. मग तिने पदर घ्यावा तशी शाल डोक्यावरून घेतली आणि म्हणाली, "चला. मासे परत आणू."

बसमध्ये तो बादली पायांत धरून बसला. चोना खिडकीबाहेर पाहत होती. तिचा चेहरा उतरलेला नव्हता, उलट मोकळा दिसत होता, आणि त्याचंच त्याला जास्त लागत होतं. दुकानाचं तो अजून बोलला नव्हता.

ओफेलियाबाईंनी बादलीवरचं फडकं बाजूला केलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हा आपल्या तळ्यात मिळत नाही," त्या म्हणाल्या. "आणि तिथे सुटताही कामा नये. कुठून आणलात?"

फिदेन्सियोच्या कानांच्या पाळ्या तापल्या. चोनाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. क्षणभरच. त्या क्षणात तिला सगळं कळलं, हे त्याला कळलं.

"मी आणला," चोना म्हणाली. "इथल्याच दुकानातून. बुटका म्हणून दिला त्यांनी."

ओफेलियाबाई तिला समजावू लागल्या. लहानपणी दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून आकारावर जायचं नाही, नांग्या बघायच्या. बुटक्याच्या नांग्या काडीसारख्या बारीक असतात. मोठ्याच्या पिल्लाच्या आधीपासूनच रुंद. चोना पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान हलवत होती. एकदा तर तिने पुन्हा सांगायला लावलं.

"आणि तुम्ही हो," बाई फिदेन्सियोकडे वळल्या, "तुम्ही तळ्याकाठचे. तुम्ही तरी सांगायचं यांना."

त्याने तोंड उघडलं.

"मी त्यांना विचारलंच नाही," चोना म्हणाली.

बाईंनी माशांची पिशवी पुढे केली. चोनाने ती घेऊन उजेडात धरली, मासे पाहिले, बाईंचे आभार मानले आणि दाराकडे निघाली. फिदेन्सियो तिच्यामागून गेला नाही. तो तिथेच उभा होता, ओफेलियाबाईंसमोर, आणि खरं सांगायला उघडलेलं त्याचं तोंड अजून उघडंच होतं.