जावयाच्या उंचीला पुरून उरलेली तिपाई

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी तिपाई आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे बरं का. पाय तीनच, पण तिन्ही धडधाकट. चार पायांची स्टुलं फरशी जरा वरखाली असली की लटपटतात, आणि माणसं त्यांच्या पायाखाली कागदाच्या घड्या सरकवत बसतात. माझ्यावर अशी वेळ कधी आली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे एका बड्या कचेरीत माझ्यावर संशय घेतला गेला आणि ते मला अजून झोंबतं.

एका दाराच्या उरलेल्या सागवानी फळीतून सुताराने मला घडवलं. "हिच्यावर हत्ती उभा करा," असं सांगून त्याने मला एका चष्म्याच्या दुकानात विकलं. हत्ती काही आला नाही. आली ती चिंगी.

चिंगी म्हणजे दुकानाच्या मालकांची एकुलती एक मुलगी. तिची आई लवकर गेली, म्हणून मावशीने घरी येऊन तिला वाढवलं. वाढवलं म्हणजे जेवढी वाढायची तेवढी वाढली. मालक ठेंगणे, मावशी त्यांच्याहून ठेंगणी, मग चिंगी कुठून ताडमाड होणार? पण मूर्ती लहान असली तरी जीभ चांगली लांब होती. डोळे तपासायला शिकली आणि दुकान तिनेच हातात घेतलं. "सगळं धूसर दिसतं हो," असं कुणी म्हणालं की ती चष्मा काढून घ्यायची, पुसून परत द्यायची आणि विचारायची, "आता?" निम्मी गिऱ्हाइकं तिथेच बरी व्हायची. वरच्या कप्प्यातल्या फ्रेमा काढायला मात्र तिला मीच लागायची, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

एकदा दुकानाच्या अर्ध्या ओढलेल्या शटरवर कुणीतरी धाडकन आपटलं. बघते तर एक उंच परदेशी माणूस कपाळ चोळत उभा आणि त्याच्या चष्म्याचे दोन तुकडे झालेले. जवळच्या कारखान्यात नवी यंत्रं बसवायला तो आला होता. चिंगीने मला ओढलं, वर चढली, तेव्हा कुठे ती त्याच्या डोळ्यांपाशी पोचली. त्याला खुर्चीत बसवलं असतं तर काम सोपं झालं असतं. पण ते तिलाही सुचलं नाही आणि त्यालाही.

मग त्याच्या नव्या चष्म्याची दांडी वरचेवर सैल व्हायला लागली. मालक बुचकळ्यात पडले. "ही मी स्वतः आवळली होती," ते म्हणाले. "हा माणूस चष्म्यावर झोपतो की काय?"

"भाऊजी, दांडी चांगली घट्ट आहे," मावशी म्हणाली. "तुम्ही जरा आत येऊन बसा."

आत बसलेले मालक बाहेर आले तेव्हा लग्न ठरलेलं होतं. सरकारी कचेरीत सह्या झाल्या, आणि तो परदेशी माणूस आमचा जावई झाला. तोवर तो आपली भाषाही बोलायला लागला होता. व्याकरण मोडायचा, पण माणसं जोडायचा.

मावशीच्या जिवाला एकच घोर होता. चिंगी त्याच्या शेजारी उभी राहिली की त्याच्या कोपरापर्यंत यायची. "फोटोत जोडा शोभला पाहिजे," मावशी म्हणायची. "नाहीतर लोक विचारतील, जावई एकटाच का उभा राहिलाय?" म्हणून फोटोची वेळ आली की मावशी मला चिंगीच्या पायघोळ झग्याखाली सरकवायची आणि झग्याचा घेर असा पसरायची की माझं एक बोटही दिसू नये. लग्नाच्या दिवशी तेच, बागेत तेच, समुद्रावर वाळूत रुतून बसले तेव्हाही तेच. कुठेही जायचं म्हटलं की मावशीच्या एका काखेत पर्स आणि दुसऱ्या काखेत मी. जावई हसायचा, पण मावशीपुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. मित्रांनो, शेकडो फोटोंत मी आहे आणि एकातही दिसत नाही. राबावं एकाने आणि मिरवावं दुसऱ्याने, ते असं.

पुढे जावयाचं इथलं काम संपलं. त्याला त्याच्या देशात परतावं लागणार होतं. बायको म्हणून चिंगीला सोबत न्यायचं तर त्या देशाची परवानगी हवी होती. काही लोक नुसतं परदेशात जाता यावं म्हणून कागदापुरतं लग्न करतात, त्यामुळे त्या देशाची इथली कचेरी नवराबायकोला बोलावून खात्री करून घेते. खात्री पटली नाही तर जावई एकटाच जाणार आणि चिंगीला पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागणार, त्यात वर्षं जातात. चिंगीचं जेवणावरून लक्ष उडालं. गिऱ्हाइकांना ती नीट उत्तरं देऊ लागली, तेव्हा तर मला फारच काळजी वाटली.

दोघं फोटोंचा गठ्ठा घेऊन कचेरीत गेली आणि पडलेल्या चेहऱ्यांनी घरी आली. तिथल्या अधिकारी बाईंनी आधी फोटो बघितले, मग चिंगीला बघितलं, मग परत फोटो. दुभाष्याकरवी त्यांनी विचारलं, "फोटोतली बाई यांच्या कानापर्यंत येते. तुम्ही कोपरापर्यंत. ती कोण? तुमची बहीण?"

"मीच आहे ती," चिंगी म्हणाली. "खाली तिपाई आहे."

बाईंनी एकूण एक फोटो भिंगाखाली धरून बघितला. तिपाईचा पाय कुठे दिसेल तर शपथ. मावशीचं काम इतकं चोख होतं. "तिपाई," असं काहीतरी कागदावर लिहून बाईंनी त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि दोघांना पुढच्या आठवड्यात परत बोलावलं.

हे ऐकून मालक भडकले. "तुमच्या हौसेपायी पोरीचा संसार अडला," ते मावशीला म्हणाले. मावशी एरवी एकाला दोन सुनावणारी, पण त्या दिवशी मुकाट्याने माझ्यावर बसली आणि रडायला लागली. "पोरीचं चांगलं दिसावं म्हणून केलं," ती म्हणाली. "आणि मीच तिच्या वाटेतली धोंड झाले."

जावई तिच्यासमोर येऊन म्हणाला, "मावशी, रडू नको. आपण तिपाईला नेऊ."

तर अशी मी कचेरीत गेले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, "हे काय?" मावशी म्हणाली, "पुरावा." तो म्हणाला, "पुरावा कागदावर आणतात, बाई." मावशी म्हणाली, "कागद आणून झाले. त्यांनी काही भागलं नाही." मग त्याने मला एका यंत्रातून सरकवलं आणि पडद्यावर माझं अंतरंग बघितलं. आत खिळ्यांशिवाय काय निघणार? मावशीला बाहेर बाकावर बसवलं आणि जावयाने मला आत नेलं.

अधिकारी बाईंनी मला उलटं केलं आणि टिचक्या मारल्या. "ही काल विकत आणलेलीही असू शकते," त्या म्हणाल्या. मित्रांनो, माझं अख्खं आयुष्य त्या दुकानात गेलं आणि मला म्हणे काल आणली! चिंगी चढली. कानापर्यंत पोचली. बाईंनी फोटो धरून बघितला आणि मान हलवली. "उंची जुळली. पण तिपाईवर कुणीही चढेल." मला वाटलं, संपलं सगळं.

बाईंनी त्याला पहिल्या भेटीबद्दल विचारलं. तो आपला शटरबद्दल सांगू लागला. चिंगी अजून माझ्यावरच उभी होती. बोलताबोलता तिचं लक्ष त्याच्या चष्म्याकडे गेलं. तिने तो सरळ त्याच्या नाकावरून काढला, काचांवर हा करून फुंकर घातली, खिशातल्या फडक्याने पुसला, उजेडात धरून बघितला. आणि तो? त्याने मान पुढे केली, डोळे मिटले, पण बोलणं काही थांबवलं नाही. आपल्या तोंडावरून चष्मा गेला आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

"परत बोटं लावलीस काचेला," चिंगी पुटपुटली. "किती वेळा सांगायचं रे?"

"घाईत झालं गं," तो म्हणाला.

"घाई तुझी आणि पुसायचं मी." तिने चष्मा त्याच्या कानांवर बसवला.

बाईंनी दुभाष्याला विचारलं, "काय म्हणाले ते?"

दुभाष्याने टाय सैल केला. "मॅडम, नवराबायकोचं चाललंय. भाषांतर करण्यासारखं काही नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ दोघांकडे बघितलं. मग त्या चिंगीला म्हणाल्या, "उतरा आता. पडाल." परवानगी महिनाभरात घरी आली.

विमानतळावर निरोपाच्या दिवशी मावशी काखेत मला घेऊन हजर. चिंगी म्हणाली, "मावशी, आता पुरे. आजचा फोटो मी जमिनीवरूनच काढणार."

"तुझ्यासाठी नाही आणली गं," मावशी म्हणाली. तिने मला जावयापुढे ठेवलं, त्याचा दंड धरला आणि स्वतः वर चढली. पहिल्यांदाच.

"खालून बोलले असते तर तुझ्या पोटाशी बोलल्यासारखं झालं असतं," ती त्याला म्हणाली. "ऐक. इथे हिला बाप आहे, मी आहे, दुकान आहे. तिकडे तिचं म्हणायला तू एकटा. कधी ती रडेल. कधी उगाच भांडेल. तेव्हा तिच्यासाठी तिपाई शोधत बसू नकोस. तूच खाली बस आणि तिचं ऐकून घे."

त्या गर्दीत, सामानाच्या गाड्यांच्या मधोमध, जावई गुडघ्यांवर खाली बसला आणि वर मावशीकडे बघून म्हणाला, "असं?"

"असंच," मावशी म्हणाली. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग तिला रडू आवरेना. ती माझ्यावर थरथरत होती, म्हणून मी तिन्ही पाय घट्ट रोवले.

मित्रांनो, आम्हा वस्तूंनी शेवटी 'आम्हाला जपा' असं सांगायचं असतं. माझं काय, मी सागवानी आहे, मला काही होत नाही. पण तुमच्या भरवशावर जे कुणी आपलं घर सोडून येईल ना, त्याला जपा. एवढंच माझं मागणं आहे.